इमारतीला तीस वर्षं झाली? स्थैर्य प्रमाणपत्र नेमकं कुठे अडतं

नागपूरच्या महाल, इतवारीतल्या अनेक घरमालकांना नोटीस हातात पडल्यावरच कळतं, की तीस वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी करून ती राहण्यायोग्य असल्याचं स्थैर्य प्रमाणपत्र महानगरपालिकेला देणं ही त्यांचीच जबाबदारी होती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265(अ) मध्ये मालक किंवा भोगवटादार (जागा वापरणारा) असं स्पष्ट लिहिलंय. नोटिशीची वाट पाहू नका.

सर्वात जास्त गोंधळ तीस वर्षं मोजण्यात होतो. पूर्णत्वाचा दाखलाच नाही, म्हणजे मुदत सुरूच झाली नाही, असं लोक धरून चालतात. तसं नाही. पूर्णत्वाचा दाखला, वापराची परवानगी किंवा निम्म्या बांधीव क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर, यातलं जे आधी घडलं ते धरतात. 1996 मध्ये लोक राहायला आले असतील तर 2026 मध्ये तीस भरतात. पुढच्या एका वर्षात प्रमाणपत्र द्यायचं, नंतर दर दहा वर्षांनी. कागद नसतील तर जुनी टॅक्स पावती, सुरुवातीचं वीज बिल, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून ठेवा. मंजूर नकाशा हरवला असेल तर आहे त्या बांधकामाचा मोजून नकाशा करून घ्या.

ओळखीच्या इंजिनिअरचं पत्र चालत नाही. तपासणी करून प्रमाणपत्र देणारा संरचना अभियंता (स्ट्रक्चरल इंजिनिअर) महानगरपालिकेकडे नोंदणीकृतच हवा. पैसे देण्याआधी त्याची नोंदणी बघा.

आणि कृपा करून तपासणीच्या तोंडावर छपाई (प्लास्टर) करू नका! स्लॅबखाली सळईच्या रेषेत उमटलेले तांबूस डाग, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, हेच तर अभियंत्याला बघायचं असतं. झाकलंत तर तो छपाई फोडायला लावेल, खर्च दुप्पट. चुना-विटांच्या वाड्यात काँक्रीटच्या हातोडा चाचणीचा उपयोग नाही. तिथे सागवानी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आणि वाळवी तपासायला सांगा.

तपासणीच्या अहवालात इमारतीला धोक्यानुसार वर्ग दिला जातो. सी-1 आलं तर इमारत रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-2बी म्हणजे राहत असतानाच दुरुस्ती, सी-3 किरकोळ. सुचवलेली दुरुस्ती सहा महिन्यांत व्हायला हवी. टाळाटाळ केली तर दंड 25,000 रुपये किंवा वर्षाचा मालमत्ता कर, जे जास्त असेल ते.

प्रमाणपत्राचा अर्ज महानगरपालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात द्या, पोच घ्या.

भाडेकरूंनो, सी-1 ऐकून रातोरात निघू नका, अडूनही बसू नका, जीव धोक्यात असतो. आधी आपल्या जागेचं चटई क्षेत्र मोजून लेखी घ्या. इमारत पडल्याने भाडेकरार संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच म्हटलंय. पण जागा किती होती, हे नंतर त्या कागदावरूनच ठरतं.