कोंबडे दोन, बाप किती?

खुडूक कोंबडी रवणीला बसवली की एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात आणि चार-पाच महिन्यांनी घरात वाद सुरू होतो. दहा पिल्ले जगली तर त्यांतली पाचेक नर असायचीच. त्यांचे तुरे लाल होतात, घोगऱ्या आवाजात आरवायचा सराव चालतो, जुन्या कोंबड्याशी रोज झटापट होते. कोणी म्हणते, एकच ठेवा आणि बाकीचे कापा. कोणी म्हणते, दोन असू द्या, एकाला मुंगसाने नेले तर? गावी परतून दहा-बारा गावठी कोंबड्या पाळणारी हौशी मंडळी हल्ली हा प्रश्न फार विचारतात. बहुतेकांच्या मनात हिशेब असा असतो, की दोन कोंबडे म्हणजे पिल्लांना दोन बाप आणि कळपात दुप्पट नवे रक्त. हा हिशेब चुकतो. कुठे चुकतो ते पाहायला कोंबडीच्या पोटात डोकवावे लागते.

नुसती अंडी खायची असतील तर प्रश्नच मिटला. कोंबडीला अंडे घालायला कोंबडा लागत नाही, अंडे उबवून पिल्लू हवे असेल तरच लागतो. ‘कोंबड्याच्या संगतीतले गावठी अंडे जास्त ताकदीचे’ म्हणून जादा पैसे मोजणारे भेटतात. ताज्या फलित अंड्यात बलकावर पांढुरका ठिपका थोडा मोठा आणि कड्यासारखा दिसतो, पोषणात मात्र दखल घेण्याजोगा फरक नसतो. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते, हाही असाच समज. पक्ष्यांत नर की मादी हे आईच्या बीजावर ठरते आणि त्याचा निकाल कवच चढण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. कवचाच्या आकाराला त्याची खबरही नसते.

आता मूळ मुद्दा. कोंबडा पाठीवर चढतो, मानेमागची पिसे चोचीत धरतो, शेपटी वाकवतो आणि दोघांच्या अवसारण्या क्षणभर एकमेकींना टेकतात. अवसारणी म्हणजे विष्ठा, अंडे आणि वीर्य यांची सामाईक वाट. सगळा कारभार काही सेकंदांचा. कोट्यवधी शुक्राणू आत जातात खरे, पण पुढे टिकतात ते शंभरातले एखाद-दुसरे. हे टिकलेले शुक्राणू थेट बीजाकडे धावत नाहीत. अंड्याला जिथे कवच चढते तो गर्भाशयाचा भाग आणि योनिमार्ग यांच्या सांध्यावर, आतल्या अस्तराच्या घड्यांत, हजारो बारीक नळ्या असतात. एका टोकाला बंद, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणाऱ्या. शुक्राणू या नळ्यांत शिरून दबा धरून बसतात. सुगीत भरलेल्या कणगीतून रोज पायलीभर धान्य काढावे तसे तिथून थोडे थोडे शुक्राणू सुटतात आणि वर नरसाळ्यासारख्या भागात पोचतात. अंडाशयातून सुटलेला बलक तिथे येतो आणि तिथे जेमतेम पाव तास असतो. फलन व्हायचे ते तेवढ्यात. एकदा पांढरा बलक लपेटला गेला की दार बंद. मग कवच चढायला वीसेक तास लागतात आणि अंडे बाहेर येते.

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. इतक्या उष्णतेत शुक्राणू दोन-तीन आठवडे जिवंत राहतात, हेच मला या सगळ्यातले सर्वांत मोठे नवल वाटते. बहुतेक सस्तन प्राण्यांत वृषणे शरीराबाहेर लोंबती ठेवून थंडावा साधावा लागतो. इथे नराची वृषणेही पोटात आणि मादीचा साठाही पोटात. टर्कीच्या मादीत तर हा साठा दोन महिन्यांहूनही जास्त पुरतो.

म्हणजे कोंबडा विकून आठवडा झाला तरी अंडी फलितच येत राहतात. पिल्लांचा बाप खुराड्यात नसतो, कोंबडीच्या पोटात असतो.

शिवाय या कोठारावर कोंबडीचा पहारा असतो. टॉमासो पिझारी आणि टिम बर्कहेड यांनी मोकाट वाढणाऱ्या कोंबड्यांवर केलेला अभ्यास २००० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. खालच्या दर्जाच्या नराने जबरदस्ती केली तर मादी पुष्कळदा त्याचे वीर्य लगेच बाहेर टाकते, वरचढ नराचे तितक्या वेळा टाकत नाही. परसात हे नीट पाहिले तर दिसते. कोंबडी पिसे झटकते, शेपूट हलवते आणि अवसारणीतून पांढरट थेंब मातीवर पडतो. शिवाय दुबळ्या नराने धरले की ती कर्कश ओरडते, आणि तो आवाज ऐकून मोठा कोंबडा धावत येऊन त्याला हुसकावतो.

चोचीच्या जोरावरची ही उतरंड नॉर्वेच्या थॉर्लेफ शेल्डरुप-एबे यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांचे निरीक्षण करूनच मांडली. तिचा धाक पहाटेपर्यंत पोचतो. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की पहाटे पहिली बांग उतरंडीतला वरचा नर देतो आणि बाकीचे दर्जानुसार मागाहून आरवतात. वरच्याला दूर केले की मान दुसऱ्याकडे जातो. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, आणि झाकलेल्याची जागा शेजारचा घेतो.

आता थोडे गणित. ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. कळपाची ‘परिणामी संख्या’, म्हणजे पुढच्या पिढीच्या रक्तात खरोखर वाटा असलेल्यांची संख्या, काढायचे सूत्र असे आहे: नर गुणिले माद्या गुणिले ४, भागिले नर आणि माद्यांची बेरीज. दहा कोंबड्या आणि एक कोंबडा असेल तर उत्तर ३.६ येते, कोंबडे दोन असतील तर ६.७. दर पिढीत वाढणारे अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातली वीण, मोजायचे तर १ भागिले या संख्येची दुप्पट, म्हणून ते सुमारे १४ टक्क्यांवरून साडेसातवर उतरते. दोन कोंबड्यांच्या बाजूचा पुरावा हाच. पण सूत्र दोन्ही नरांना समान वाटा धरून चालते. समजा दादा कोंबड्याचा वाटा ९० टक्के आणि दुसऱ्याचा १०. मग नरांची परिणामी संख्या दोन नव्हे, सुमारे १.२ आणि कळपाची ४.३. फायदा थोडा उरतो, पण दाणे आणि भांडणे मात्र दोघांची पूर्ण.

भांडणांची किंमत कोंबड्यांच्या अंगावर दिसते. नर जास्त आणि माद्या कमी असल्या की मानेमागची आणि पाठीवरची पिसे तुटून कातडी उघडी पडते, पायामागच्या काट्याने कुशीला चिरा जातात. सर्वसाधारणपणे आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. वीस माद्या आणि ऐसपैस आवार असेल, कोंबड्यांना एकमेकांच्या नजरेआड होता येत असेल, तर दोघे निभावतात. सहा कोंबड्या आणि दहा बाय दहाचे जाळीचे खुराडे असेल तर दुसरा ठेवूच नये.

ज्यांना दोघांचेही रक्त हवे त्यांनी दोन कोंबडे पाळावेत, पण एकत्र सोडू नयेत. एकाला कळपात सोडावे, दुसऱ्याला जाळीपलीकडे ठेवावे आणि महिन्या-दीड महिन्याने पाळी बदलावी. मग दोघांचा वाटा खरोखर सारखा होण्याजवळ जातो आणि गणित कागदावर होते तसे परसातही जुळू लागते. वर्षभराने दोन्ही कोंबडे दुसऱ्या गावातल्या कोणाशी बदलून घ्यावेत, नाहीतर त्यांच्याच लेकी त्यांच्यासमोर तलंगा होऊन उभ्या राहतात. बदल केल्यावर नव्या कोंबड्याचीच पिल्ले हवी असतील तर तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नयेत. त्यांचे आम्लेट करावे.