विरघळणारे टाके (अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेतील)

अक्कलदाढ काढताना हिरडीला दिलेला छेद बंद करण्यासाठी वापरतात ते, शरीरात आपोआप विरून जाणारे टाके. साधारण १७ ते २५ या वयात येणाऱ्या या दाढेला जबड्यात जागा कमी पडली की ती आडवी, तिरपी किंवा अर्धवट हाडात अडकून राहते. अशी दाढ नुसत्या चिमट्याने निघत नाही. हिरडी कापून बाजूला करतात, भोवतालचे हाड सलाइनच्या धारेखाली बारीक बरने (फिरणाऱ्या दंतयंत्राच्या टोकाने) कोरतात आणि गरज पडल्यास दाढेचे तुकडे करून एकेक बाहेर काढतात. खड्डा धुऊन हिरडी पुन्हा जागेवर बसवली की दोन-तीन टाके पडतात.

टाक्याचा दोरा बहुधा ३-० किंवा ४-० जाडीचा असतो (पहिला आकडा मोठा, तितका दोरा बारीक). जुना प्रकार कॅटगट. नावात मांजर असले तरी तो मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतो आणि शरीरातील विकरे (एन्झाइम) त्याला पचवतात. पॉलीग्लॅक्टिन ९१० हा कृत्रिम दोरा पाण्याच्या क्रियेने तुटत जातो. त्याची ताकद तीन आठवड्यांनी जवळपास निम्मी उरते, पूर्ण विरायला ५६ ते ७० दिवस लागतात. त्याच्याच ‘रॅपिड’ प्रकाराची ताकद पाचव्या दिवशी निम्मी होते आणि १० ते १४ दिवसांत संपते. तोंडातल्या जखमेला एवढा काळ पुरतो. काळा रेशमी दोरा मात्र विरत नाही. तो ५ ते ७ दिवसांनी काढावाच लागतो, म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी कोणता दोरा घातला ते विचारून घ्यावे.

लाळ, जिभेचे चाळे आणि चावताना होणारी हालचाल यांमुळे तोंडातली गाठ पुस्तकातल्या आकड्यांआधीच सैल होते. पाचव्या-सहाव्या दिवशी दोऱ्याचा तुकडा जिभेवर आला आणि रक्त वाहत नसेल, तर घाबरायचे कारण नाही. लोंबणारे टोक ओढू नये. ओढल्यास हिरडी फाटते. फार टोचत असेल तर डॉक्टरांकडून कापून घ्यावे. पहिल्याच दिवशी टाका सुटून हिरडी उघडी पडली तर मात्र कळवावे.

जखम भरते ती टाक्यांमुळे कमी, रक्ताच्या गुठळीमुळे अधिक. खड्ड्यात काही मिनिटांतच गुठळी धरते, आठवडाभरात तिच्या जागी मऊ लालसर ऊती तयार होते, वरची त्वचा ३-४ आठवड्यांत जुळते आणि आत हाड भरायला ४ ते ६ महिने जातात. दरम्यान जिभेला खड्डा लागत राहतो, तो हळूहळू उथळ होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेवर दिसणारा पांढरट-पिवळा थर बहुतेक वेळा फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा असतो. पू समजून तो काडीने खरवडणारे रुग्ण आपलीच गुठळी उखडतात.

ही गुठळी जपणे म्हणजेच पथ्य. गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा, सारखा उघडून पाहू नये. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, स्ट्रॉने प्यायचे नाही, कारण ओढीने गुठळी सुटते. लाळ गिळून टाकावी. गालावर बाहेरून बर्फ, १५ मिनिटे ठेवून १५ मिनिटे विश्रांती, असा पहिल्या दिवशी. सूज ४८ ते ७२ तासांपर्यंत वाढते आणि मगच उतरते. तिसऱ्या दिवशी गाल फुगलेला पाहून घरचे धास्तावतात, पण तो अपेक्षित क्रम आहे. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, दर जेवणानंतर, पाणी तोंडात अलगद फिरवून ओघळू द्यावे. क्लोरहेक्सिडिन (चूळ भरण्याचे जंतुनाशक औषध) सांगितले असेल तर दात घासल्यावर अर्ध्या तासाने घ्यावे, टूथपेस्टने त्याचा परिणाम घटतो. आहारात आधी गार ताक, दूध, नाचणीची पेज, मग मऊ खिचडी. शेव, चिवडा, तीळ आणि भाताची सुटी शिते खड्ड्यात जाऊन बसतात.

तंबाखू, सिगारेट आणि मिश्री किमान आठवडाभर, खरे तर कायमची बंद ठेवावी. मिश्रीचा धोका दुहेरी आहे: तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो, आणि बोटाने घासताना टाकाही निघतो. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक स्त्रिया मिश्रीला व्यसन मानत नाहीत, त्यामुळे ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते. म्हणून मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारायला हवा.

गुठळी निघून गेली वा विरली तर हाड उघडे पडते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास, कमी होत आलेला ठणका अचानक वाढतो, कानापर्यंत जातो आणि तोंडाला घाण वास येतो. खालच्या दाढेला, धूम्रपान करणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हा धोका जास्त असतो. नुसत्या वेदनाशामकाने भागत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन लवंगेतील युजेनॉलयुक्त औषधी पट्टी भरतात, त्याने बऱ्याचदा काही तासांतच आराम पडतो. घरी लवंगतेल थेट ओतू नये, ऊती भाजते.

ताप, पू, वाढत जाणारी सूज, गिळायला वा श्वास घ्यायला त्रास, किंवा दाबूनही न थांबणारे रक्त ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओठ किंवा जीभ भूल उतरल्यावरही बधिर राहिली तर ते नसेला धक्का लागल्याचे लक्षण असते. बहुतेकांत काही आठवडे वा महिन्यांत संवेदना परत येते, पण तपासणीच्या वेळी नोंद करून घेणे आवश्यक.