सद्भावनेचा बचाव (संगणक-विक्री)

उत्पादकाच्या माहितीवर विसंबून विक्रेत्याने संगणक, डिस्क किंवा सॉफ्टवेअर विकले आणि ती माहिती चुकीची निघाली, तर ‘मलाही तेच सांगितले होते’ हे त्याचे म्हणणे कायद्यापुढे कितपत टिकते? आरोप कोणता, यावर ते ठरते.

फसवणुकीच्या आरोपात ते टिकते. डेरी विरुद्ध पीक (१८८९) या इंग्लिश निकालानुसार, विधानावर बोलणाऱ्याचा मनापासून विश्वास असेल तर ती फसवणूक नव्हे. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८ प्रमाणे पुरेसा आधार नसताना ठामपणे केलेले असत्य विधान, बोलणाऱ्याला खरे वाटत असले तरी, चुकीचे निवेदन ठरते आणि ग्राहकाला करार रद्द करता येऊ शकतो.

हमीच्या दाव्यात प्रामाणिकपणा कामी येत नाही. तिथे भांडण असते ते विधान हमी होते की नुसते मत, याचे. ‘मशीन झकास चालते’ ही मालाची तारीफ. ‘यात १६ जीबी रॅम आहे’ ही हमी ठरू शकते. ऑस्कर चेस विरुद्ध विल्यम्स (१९५७) खटल्यात नोंदणीपुस्तकावर विसंबून १९३९ ची मोटार १९४८ ची म्हणून देणारा खासगी मालक सुटला, कारण घेणारा स्वतः मोटारींचा व्यापारी होता. डिक बेंटली (१९६५) खटल्यात मोटार किती मैल धावली हे चुकीचे सांगणारा व्यापारी मात्र सुटला नाही. खरे काय ते शोधणे त्याला शक्य होते. संगणक-विक्रेत्यालाही हीच कसोटी लावणे न्याय्य आहे. प्रोसेसरच्या आतली रचना त्याला तपासता येत नाही, पण रॅम किती आहे हे मशीन सुरू करताच दिसते.

डिस्कचे उदाहरण बोलके आहे. खोक्यावर १ टीबी, विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी. उत्पादक १,००० च्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या. छापील आकडा खोटा नसतो. पण ‘पूर्ण १,००० जीबी दिसतील’ असे विक्रेत्याने स्वतः सांगितले, तर ते शब्द त्याचेच. उत्पादकाची ढाल तिथे चालत नाही.

फौजदारी कारवाईत मात्र योग्य खबरदारीचा बचाव भक्कम असतो. ब्रिटनच्या १९६८ च्या व्यापारी वर्णन कायद्याच्या कलम २४ मध्ये दुसऱ्याने पुरवलेल्या माहितीवरचा भरवसा मान्य होता. अट ही, की विक्रेत्याने सर्व वाजवी काळजी घेतलेली असावी आणि माहिती देणाऱ्याचे नाव सुनावणीच्या सात दिवस आधी फिर्यादी पक्षाला कळवावे. अशा वेळी तारखेसह जपलेले तपशीलपत्रक, पुरवठादाराशी झालेला ईमेल-व्यवहार आणि नमुना-तपासणीची नोंद हाच पुरावा. ग्राहकाला भरपाई दिल्यावर पुरवठादाराकडून ती वसूल करायलाही हेच कागद लागतात.