एकाच इंजिनाचे दोन संसार

अँबॅसिडर म्हटलं की आठवतो तो लाल दिवा, सीटवरचा पांढरा टॉवेल आणि मागे दाटीवाटीनं बसलेलं अख्खं कुटुंब. स्पोर्ट्‌स कार काही आठवत नाही. पण बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात या गाडीत वर्षानुवर्षं बसवलं गेलेलं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, ‘बी सीरिज’ घराण्यातलं. त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन घेऊन 1955 साली इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला एमजी कंपनीची एमजीए ही दोनच माणसांची देखणी स्पोर्ट्‌स कार बाहेर पडली. तिची ताकद साधारण 70 अश्वशक्ती. अँबॅसिडरची मात्र पन्नासच्या आसपास.

सिलिंडरचा व्यास 73 मिमी, पिस्टनची धाव 89 मिमी, दोन्हीकडे सारखीच. मग वरच्या वीस अश्वशक्ती आल्या कुठून?

श्वासातून. पेट्रोल जाळायचं तर हवा हवी. मिनिटाला 5,500 फेऱ्या होत असताना पिस्टनला खाली येत हवा ओढून घ्यायला सेकंदाचा जेमतेम 180वा भाग मिळतो. त्यातून या इंजिनात चार सिलिंडरांना हवा आत यायच्या वाटा दोनच. शेजाऱ्यांनी एक नळ वाटून घ्यावा तसं. एमजीएत त्या वाटांवर हवेत पेट्रोल मिसळणारे दोन कार्ब्युरेटर (एसयू कंपनीचे) होते, अँबॅसिडरला एकच. सावकाश चालताना एकानं भागतं, पळायला लागलं की धाप लागते. शिवाय मिश्रण जितकं जास्त दाबून पेटवावं तितकी ताकद जास्त. पण हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर तसं केलं की मिश्रण अवेळी पेटून इंजिन आतून ठकठक करायला लागतं. म्हणून कुटुंबाच्या गाडीत दाब बेतानंच ठेवलेला बरा.

वेगातल्या फरकाचं उरलेलं काम वजनानं आणि उंचीनं केलं. एमजीए सुमारे 900 किलोची, अँबॅसिडर 1,100च्या पुढे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो मोडून काढायला ताकद लागते आठपट. अशा वेळी सव्वा मीटर उंचीची गाडी आणि एक मीटर साठ सेंटिमीटरची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

त्या बुटकेपणाची गोष्ट मला फार आवडते. 1951च्या फ्रान्समधल्या ल मां शर्यतीसाठी एमजीचे अभियंते सिड एनेव्हर यांनी एका एमजी टीडी गाडीवर निमुळती, गुळगुळीत बॉडी चढवली. पण चालक चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, वर बसायचा, त्यामुळे त्याचं डोकं आणि खांदे वाऱ्यात उघडे! मग एनेव्हर यांनी चॅसिसचे दोन्ही दांडे बाजूंना सरकवले आणि सीट त्यांच्या मध्ये खाली बसवली. एमजीएचा जन्म त्यातूनच झाला.

अँबॅसिडरला अर्थात पळायचं नव्हतंच. तिचं इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देतं, आणि घाटात भरल्या गाडीला तोच जोर लागतो. खंबाटकी घाट आम्ही सात जण, वर लग्नाचं सामान, दुसऱ्या गिअरवर न कुरकुरता चढलो आहोत. एमजीएत पाच जणांना खालीच ठेवून जावं लागलं असतं.