बोटीवर गॅसचा सिलिंडर कुठे ठेवायचा?

घरात गॅसचा वास आला की आपण आधी दारं-खिडक्या उघडतो. दाराखालच्या फटीतून थोडाफार गॅस आपणहूनही बाहेर जात असतो. बोटीच्या खालच्या अंगाला अशी फट नसते, असली तर ती बुडेल. पाणी आत येऊ नये म्हणून केलेली बांधणीच गॅसला आत कोंडून ठेवते. बोटीवर सिलिंडर ठेवण्याचे सगळे नियम या एका अडचणीतून आले आहेत.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड, ब्युटेन जवळजवळ दुप्पट. त्यामुळे गळलेला गॅस पाण्यासारखा उताराकडे जातो. फळ्यांच्या फटींतून उतरत तो बोटीच्या तळाशी, झिरपलेलं पाणी साचतं तिथे जाऊन बसतो. वर वारा कितीही खेळता असो, तळाशी तो पोचत नाही.

किती गॅस धोकादायक ठरतो, याचा हिशेब करून पाहू. अर्धा किलो प्रोपेन बाहेर पडला की त्याचा पाव घनमीटरहून थोडा जास्त वायू होतो. हवेत सुमारे २ टक्के प्रोपेन मिसळला तरी ते मिश्रण पेटू शकतं. म्हणजे अर्ध्या किलोतून १२ घनमीटरच्या आसपास हवा स्फोटक होऊ शकते. छोट्या बोटीची अख्खी केबिन तेवढ्यात आली! त्यातून पाणी उपसणारा पंप आणि इंजिनाचा स्टार्टर खालीच बसवलेले असतात. बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगीही पुरते.

गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, पण त्यावर विसंबू नका. गॅस पायाखाली असतो आणि नाक वर. शिवाय नाकाला वासाची सवय होते, आणि झोपेत तर तो कळतच नाही. म्हणून गॅस ओळखणारा सेन्सर बसवायचा तो खाली, फर्शीजवळ.

यावरचा उपाय साधा आहे: गळालेल्या गॅसला खाली जायची वाट द्यायची, पण ती बोटीबाहेर. सिलिंडरसाठी वेगळा लॉकर करतात. त्याचं झाकण फक्त वरून, उघड्या डेकवर उघडतं. केबिनच्या बाजूला त्याला एकही भोक नसतं, आणि गॅसची नळी आत जाते तिथली जागाही घट्ट बुजवलेली असते. लॉकरच्या अगदी तळाशी निचऱ्याची नळी असते, ती सरळ बोटीबाहेर उघडते. लहान बोटींवरच्या गॅससाठी आयएसओ १०२३९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात या नळीचा आतला व्यास किमान १९ मिलिमीटर सांगितला आहे. नळीला सलग उतार हवा. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि गॅसची वाट बंद होते. बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर हवं, अन् खिडकी-झरोक्यापासून लांब.

लॉकरमध्ये दोऱ्या, कपडे, नांगराची साखळी कोंबण्याचा मोह होतो. हे अजिबात करू नका. लाटांच्या हिंदकळ्यात साखळी रेग्युलेटरवर आपटते आणि कापडाचा बोळा नेमका निचऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसतो.

सिलिंडर उभाच ठेवायचा आणि पट्ट्याने करकचून बांधायचा. उभ्या सिलिंडरमध्ये द्रव खाली राहतो आणि वरच्या व्हॉल्व्हमधून नुसता वायू येतो. आडव्या सिलिंडरमधून द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो. द्रव प्रोपेनचा वायू होताना तो सुमारे २७० पट फुगतो, तेव्हा शेगडीवर काय भडका उडेल याची कल्पना करा. जास्तीचा किंवा 'रिकामा' सिलिंडरही याच लॉकरमध्ये, व्हॉल्व्ह बंद करून ठेवायचा. संपलेल्या सिलिंडरमध्येही गॅस उरतोच.

खारी हवा लोखंड आणि पितळ दोन्ही खाते, म्हणून जोड अधूनमधून साबणाच्या पाण्याने तपासा. गळती असेल तर जोडाशी बुडबुडे धरतात, फुगतात आणि फुटून पुन्हा धरतात. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत विझली की मग शेगडीची कळ फिरवा.

निचरा चालू आहे का, हे पाहायला तांब्याभर पाणी पुरतं. लॉकरच्या तळाशी ते ओता आणि बाहेर वाकून बघा. धार लगेच, सलग पडली पाहिजे. पाणी आत घुटमळलं, तर गॅसही तिथेच साचेल. नळी साफ होईपर्यंत शेगडी पेटवू नका.