साखर पाजली तर साखर वाढणारच ना?

परवा भाचीचा फोन आला, पाचवा महिना संपून सहावा लागलाय, आणि पोरगी भडकलेली. म्हणे मावशी, यांनीच मला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पाजलं, दोन तासांनी रक्त घेतलं आणि आता सांगतायत शुगर १५८ आली, अगं साखर पाजली तर साखर वाढणारच ना!

वाढणारच. पण टेस्ट त्याची नाहीच, टेस्ट आहे ती दोन तासांत साखर उतरते की नाही याची, म्हणजे गरोदरपणातला डायबिटीस आहे का हे बघायची. पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड पुरेसं इन्सुलिन, म्हणजे साखर उतरवणारं हॉर्मोन, सोडत असेल तर तेवढ्या वेळात आकडा १४० च्या खाली येतो. आपल्याकडे सरकारी पद्धतीत त्यासाठी उपाशी राहायचीसुद्धा गरज नाही, जेवून आलात तरी चालतं. साधारण ३०० मिली पाण्यातलं ते गोडमिट्ट ग्लुकोज पाच-दहा मिनिटांत संपवायचं, आणि अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत. नाव नोंदवताना एकदा आणि तेव्हा नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

पुन्हा कशाला? कारण वार. वार म्हणजे प्लॅसेंटा ही नुसती नळी नाही, ती हॉर्मोन्स बनवते आणि त्यातली काही आईच्या शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत, म्हणजे आईच्या पेशी साखर कमी उचलतात आणि बाळासाठी रक्तात जास्त उरते. वार वाढते तसा हा जोर वाढतो, बहुतेक बायकांचं पॅनक्रियाज जास्त इन्सुलिन काढून निभावून नेतं, काहींचं कमी पडतं. यात मिठाई खाल्ल्याचा गुन्हा वगैरे काही नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. वारेतून ग्लुकोज जातं पण आईचं इन्सुलिन जात नाही. पेशींच्या भिंतीत ग्लुट-१ नावाची प्रोटीनची दारं असतात, जिकडे साखर जास्त तिकडून कमीकडे ती सोडतात, त्यामुळे आईची वाढली की बाळाची वाढते, पण ती आवरायला इन्सुलिन बाळाला स्वतःचंच करावं लागतं. आणि ते करतं, भरपूर करतं! कोपनहेगनच्या डॉ. यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना मांडली. गर्भात इन्सुलिन हे वाढीचं हॉर्मोनसुद्धा आहे, चरबी चढते ती खांद्यांवर, पोटावर, डोकं मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणून प्रसूतीत डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो, ही खरी इमर्जन्सी असते. शिवाय जादा इन्सुलिनमुळे फुप्फुसं तयार व्हायलाही उशीर होऊ शकतो. मग नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात बंद, पण बाळाच्या रक्तातलं इन्सुलिन तसंच! म्हणून आईची शुगर जास्त आणि बाळाची मात्र ४५ च्याही खाली, असं उलटं चित्र दिसतं, आणि नर्स त्या एवढ्याशा टाचेला टोचून थेंबभर रक्त तपासते. तासाभरात अंगावर पाजायला सांगतात ते यासाठीही. तिथे कुणी मध चाटवायला पुढे आलं तर थांबवा, मधातून बोट्युलिझम या जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे जंतू जाऊ शकतात, वर्षाच्या आत मध नाहीच.

आणि बाळ लहानखुरं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९० च्या दशकात जन्मलेल्या बाळांची मापं घेतली, सरासरी वजन जेमतेम २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हडकुळी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. नुसता वजनकाटा सगळं सांगत नाही.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या, गरोदरपणातल्या साखरेवरच्या हापो नावाच्या अभ्यासात नऊ देशांतल्या २३ हजारांवर बायका होत्या, त्यात साखर आणि धोका पायरी-पायरीने एकत्र चढताना दिसले, अमुक आकड्याखाली सगळं सेफ अशी रेघ सापडलीच नाही. १४० ही आपण सोयीने मारलेली रेघ आहे, त्यामुळे १३८ वाल्या बाईनेही दोन जिवांचं म्हणून दुप्पट खाऊ नये.

भाचीला तूर्त आहार आणि जेवणानंतर चालणं, दोन आठवड्यांनी परत तपासणी, जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या आत हवी, नाही आली तर गोळी किंवा इन्सुलिन. इन्सुलिनला ती घाबरली होती, बाळाला लागेल म्हणून, तर तिला तेच सांगितलं, वारेतून ते जातच नाही गं. आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तोच ७५ ग्रॅमचा ग्लास परत प्यायचाय, या वेळी मात्र उपाशीपोटी, कारण अशा बायकांना पुढे डायबिटीस व्हायची शक्यता कितीतरी जास्त असते. बारशाच्या आणि झोपमोडीच्या गडबडीत ही टेस्ट हमखास राहते, म्हणून तारीख मी माझ्याच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.