अल्पाइन लिनक्स : आभासी यंत्रांतील वापर

अल्पाइन लिनक्स ही मसल हे सी-ग्रंथालय (प्रोग्रामांना लागणाऱ्या मूलभूत कार्यांचा संच), बिझीबॉक्स हा साधनसंच आणि ओपनआरसी ही सेवा-व्यवस्था यांवर उभी असलेली, आकाराने लहान अशी मुक्त संगणकप्रणाली. आभासी यंत्रांच्या म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या क्षेत्रात ती दोन नात्यांनी वावरते: दुसऱ्या प्रणालीवर चालणारे पाहुणे यंत्र म्हणून आणि इतर यंत्रे चालवणारी यजमान प्रणाली म्हणून.

नातानाएल कोपा यांनी ही प्रणाली २००५ च्या सुमारास सुरू केली. तिचे मूळ लीफ या राउटरसाठीच्या प्रकल्पात सांगितले जाते. आरंभीची बांधणी जेंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या साधनांनी होत असल्याने तिला जेंटूची शाखा मानणारेही आहेत. बांधणीच्या साधनांपेक्षा चालण्याची रीत प्रमाण धरली, तर लीफशी नाते अधिक जवळचे ठरते. लीफचा पूर्वज लिनक्स राउटर प्रोजेक्ट एका फ्लॉपीत मावत असे. सगळी प्रणाली फ्लॉपीवरून मेमरीत उतरायची आणि बदललेल्या सेटिंग तेवढ्या परत फ्लॉपीवर लिहिल्या जायच्या. अल्पाइनची ‘डिस्कलेस’ पद्धत हीच रीत पुढे चालवते. यूसीलिब्सी या आधीच्या सी-ग्रंथालयाच्या जागी मसल आले ते २०१४ मध्ये, ३.० या आवृत्तीत.

पाहुणे यंत्रासाठी ‘व्हर्ट’ नावाची वेगळी आयएसओ म्हणजे बसवण्याची प्रतिमा-फाइल मिळते. अलीकडच्या आवृत्त्यांत ती ६० एमबीच्या आसपास आहे. तिच्या कर्नलमधून म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातून प्रत्यक्ष हार्डवेअरचे बहुतेक ड्रायव्हर वगळलेले असतात, व्हर्टिओ या आभासी उपकरणांचे ठेवलेले असतात. त्यामुळे एखादे खरे कार्ड पासथ्रूने म्हणजे थेट पाहुण्याला द्यायचे असेल, तर नेहमीचे एलटीएस कर्नल बसवावे लागते.

यजमान म्हणून वापरताना हायपरव्हायझरच्या म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या थराच्या वर्गीकरणाचा जुना प्रश्न समोर येतो. रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७३ च्या प्रबंधात दोन प्रकार मांडले: उघड्या यंत्रावर थेट चालणारा पहिला, रूढ संगणकप्रणालीच्या आधाराने चालणारा दुसरा. केव्हीएम हे आभासी यंत्रे चालवण्याचे कर्नलमधील अंग फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० या कर्नलबरोबर लिनक्समध्ये आले. ते कोणत्या प्रकारात मोडते यावर एकमत नाही. कर्नल स्वतःच हायपरव्हायझर बनते, म्हणून पहिला प्रकार, असे एक मत. प्रत्येक पाहुणे यंत्र यजमानाच्या दृष्टीने क्यूएमू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची एक साधी प्रोसेस असते आणि तिला वेळ वाटून देतो तो लिनक्सचाच शेड्यूलर, म्हणून दुसरा, असे प्रतिपादन. मेमरीत उतरलेले कर्नल, क्यूएमू, लिबव्हर्ट हे यंत्रे सांभाळणारे साधन आणि थोडी नेटवर्कची साधने एवढेच असलेल्या अल्पाइन यजमानाकडे पाहिले, की पहिले मत पटू लागते. तरीही यजमानावर किती कमी बसवले आहे यावरून प्रकार ठरवणे कितपत योग्य, हा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. झेन या दुसऱ्या हायपरव्हायझरच्या बाबतीत हा गुंता नाही. तेथे हायपरव्हायझर आधी सुरू होतो आणि अल्पाइन ‘डोम-शून्य’ या विशेष अधिकारांच्या यंत्रात चालते. काटेकोर बोलायचे तर येथे यजमान म्हणवणारी प्रणालीच एक आभासी यंत्र असते. झेनसाठीही अल्पाइनची स्वतंत्र आयएसओ आहे.

डिस्कलेस यजमानावर ‘एलबीयू कमिट’ ही आज्ञा दिल्याखेरीज कोणताही बदल पुढच्या बूटपर्यंत टिकत नाही, आणि ती मुळात सेटिंगची ‘ईटीसी’ निर्देशिकाच जतन करते. लिबव्हर्टच्या यंत्रव्याख्या ‘ईटीसी’त असल्याने वाचतात, यंत्रांच्या डिस्क-प्रतिमा मात्र ‘व्हार’खाली असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी डिस्क जोडणे भाग पडते. या पद्धतीचा लाभ असा की यजमानाची सगळी मांडणी एका छोट्या टार फाइलीत मावते आणि बूटचा पेनड्राइव्ह बिघडला तर दुसरा तयार करणे सोपे जाते. मेमरीची बचत हा लाभ मात्र वाजवीपेक्षा जास्त सांगितला जातो. ६४ जीबीच्या सर्व्हरवर यजमानाने काहीशे एमबी वाचवले तरी फरक जाणवत नाही; तीच बचत पन्नास पाहुण्यांत झाली तर जाणवते.

अडचणी बहुतांशी मसलमुळे येतात. जीलिब्सी या अधिक रूढ सी-ग्रंथालयासाठी बांधलेले बॅकअप वा देखरेखीचे बंदिस्त एजंट त्यावर जसेच्या तसे चालतीलच असे नाही. जीकॉम्पॅट हा दोहोंना जुळवणारा थर काहींना पुरतो. डीएनएस या नावांवरून पत्ते शोधणाऱ्या सेवेची मोठी उत्तरे टीसीपीवरून घेण्याची सोय मसलमध्ये २०२३ च्या १.२.४ या आवृत्तीत आली.

आभासी यंत्रातच पुन्हा यजमान चालवायचा असल्यास बाहेरच्या केव्हीएममध्ये ‘नेस्टेड’ सोय चालू असावी लागते. इंटेल प्रोसेसरवर ती ४.२० या कर्नलपासून आपोआप चालू असते.